आधी माणूस बसवा, मग पत्रा मारा: घरी बांधलेल्या सेव्हन टाइप गाडीची बॉडी आणि सेफ्टी पार्ट्स

चासी रंगवून झाली, सस्पेन्शन लागलं, इंजिन बसलं आणि गाडी स्वतःच्या चार चाकांवर उभी राहिली की सगळ्यांना एकच घाई होते, पत्रा मारायची. पत्रा लागला की ती गाडी दिसायला लागते, घरातले पण गॅरेजमध्ये डोकावून अरे वा म्हणतात. मी पण तेच केलं. इंग्लंडमध्ये मिडलँड्सला आमच्या एका गाडीपुरत्या गॅरेजमध्ये दोन हिवाळे घालवून मी ही गाडी बांधली, आणि ड्रायव्हरच्या बाजूचा आतला पत्रा गोंद लावून ६४ रिव्हेट मारून पक्का केल्यावर लक्षात आलं की कमरेच्या बेल्टचा अँकर त्या पत्र्यामागे गेलाय आणि तिथे ड्रिलचं तोंडच शिरत नाही. सगळे रिव्हेट ड्रिलने उडवले, गोंद सुरीने कापला, पत्रा वाकला तो टाकून दिला, शनिवार-रविवार गेला. तेव्हापासून जो कोणी ही गाडी बांधायला घेतो त्याला मी एकच सांगतो, बॉडी आणि सेफ्टी ही दोन वेगळी कामं नाहीत. आधी गाडीत माणूस बसवायचा, त्याच्याभोवती बेल्ट आणि डोक्यामागची कमान लावायची, आणि शेवटी त्यावर पत्रा चढवायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सेव्हन म्हणजे कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये काढलेली लोटस सेव्हन, दोन सीट, दार नाही, छप्पर नाही. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि तिच्या धर्तीवर लोक अजून घरी गाड्या बांधतात. एक इंची चौकोनी स्टीलच्या नळ्यांची चासी, नळीची भिंत साधारण १.६ मिमी, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, नोजकोन, म्हणजे गाडीचं नाक, आणि मडगार्ड फायबरग्लासचे. ब्रिटनमध्ये अशी गाडी रस्त्यावर आणायची तर आयव्हीए नावाची तपासणी पास करावी लागते, २००९ पासून ही पद्धत आहे. खाली दिलेली मापं बहुतेक तिथलीच आहेत. तपासणीचं मॅन्युअल सरकारी साइटवर फुकट मिळतं, ते बांधायला घेण्याआधी डाउनलोड करा, नियम बदलत असतात. आणि बांधताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, पावत्या जपा, गाडी तुम्हीच बांधली हे दाखवावं लागतं.

आपल्याकडे महाराष्ट्रात अशी गाडी बांधून आरटीओत नंबर मिळेल का, असं बरेच जण विचारतात. सरळ उत्तर, सोपं नाही. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलात मनाला येईल तो बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण तेच सांगितलं, आणि नवीन गाडीला पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून प्रोटोटाइपची मंजुरी लागते. पण बाहा किंवा फॉर्म्युला भारत या कॉलेजच्या स्पर्धांसाठी गाडी बांधणाऱ्या आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना बेल्ट, कमान आणि फायरवॉलचा, म्हणजे आग अडवणाऱ्या पत्र्याचा भाग उपयोगी पडेल. फक्त आकडे तुमच्या रूलबुकातले घ्या.

गाडी लेव्हलला आणा

बॉडीचं काम सुरू करायच्या आधी गाडी तिच्या खऱ्या उंचीवर उभी पाहिजे. म्हणजे खरी चाकं, खरे टायर, टायरमध्ये हवा, आणि सीटच्या जागी माणसाच्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या. नुसती स्टँडवर उभी करून मडगार्ड लावले तर गाडी खाली उतरल्यावर सगळंच बदलतं. लेव्हल बघायला मी गवंड्यांची पाण्याची नळी वापरली. कोल्हापूरला आमचं घर बांधताना गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून चार कोपऱ्यांची पातळी मिळवायचे, तीच नळी गाडीच्या चार कोपऱ्यांना लावली. आमच्या गॅरेजच्या फरशीला ड्रेनच्या दिशेने उतार आहे, तो डोळ्याला दिसत नव्हता पण नळीत १४ मिमीचा फरक निघाला. टायरखाली प्लायवुडचे तुकडे सरकवले. मधली रेषा मात्र दोरी आणि ओळंब्यानेच काढा, आणि नोजकोन बसेपर्यंत ती दोरी सोडू नका.

माणूस

आता सीट तात्पुरती ठेवा, स्टीअरिंग आणि पेडल जागेवर असू द्या, आणि जो सगळ्यात उंच माणूस ही गाडी चालवणार आहे त्याला बसवा. हेल्मेट घालून, बूट घालून, जाड जॅकेट घालून. दहा मिनिटं बसवून ठेवा, कारण माणूस पहिल्या मिनिटाला ताठ बसतो आणि मग सीटमध्ये रुततो, दोन्हीत माझ्या बाबतीत जवळपास ३० मिमीचा फरक होता. गुडघा स्टीअरिंगला लागतो का, क्लच पूर्ण दाबता येतो का, कोपर बाजूच्या नळीवर आपटतं का, हे आत्ताच बघायचं.

मग डोक्यामागची कमान, म्हणजे रोल हूप, गाडी उलटली तर डोकं वाचवणारी. साध्या रस्त्यासाठी बरेच जण पातळ, शोभेची कमान लावतात, मला ते अजिबात पटत नाही. लावायची तर खरी लावा. मोटर रेसिंगची जागतिक संघटना एफआयए, तिच्या नियमात मुख्य कमानीला जोड नसलेली कार्बन स्टीलची नळी सांगितली आहे, ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी व्यास आणि २ मिमी जाडी. त्या कमानीला मागे तिरके आधार हवेतच, आणि तिचे पाय चासीच्या मुख्य नळ्यांवर आले पाहिजेत, पत्र्यावर किंवा एखाद्या एकट्या आडव्या नळीच्या मध्यावर नाही. उंची तपासायची रीत सोपी आहे. हेल्मेट घातलेला माणूस बेल्ट आवळून बसवा आणि कमानीच्या डोक्यापासून गाडीच्या पुढच्या मजबूत भागापर्यंत सरळ काठी धरा. आमच्याकडे बायकोने एक टोक धरलं होतं आणि काठी म्हणजे झाडूचा लांब दांडा. हेल्मेट त्या दांड्याच्या खाली राहिलं पाहिजे, आणि कमानीचं डोकं हेल्मेटपेक्षा किमान ५० मिमी वर. माझं हेल्मेट पहिल्यांदा दांड्याला टेकलं. कमान तेव्हा नुसती टॅक, म्हणजे ठिपक्यांनी तात्पुरती वेल्ड केलेली होती म्हणून वाचलो, ती काढून उंच बनवून घेतली. तुमचं वेल्डिंग कितीही चांगलं असलं तरी कमानीचं आणि बेल्टच्या अँकरचं वेल्डिंग सर्टिफाइड वेल्डरकडूनच करून घ्या. बाकी सगळी गाडी स्वतः करा, या दोन ठिकाणी नको.

बेल्ट

मी चार पॉइंटचा हार्नेस, म्हणजे चार ठिकाणी बांधलेला बेल्ट लावला, ई मार्क म्हणजे युरोपियन मंजुरीचा शिक्का असलेला. रस्त्यावरच्या तपासणीला ई मार्क लागतो, नुसत्या रेसिंगच्या लेबलवर जाऊ नका. अँकरचा बोल्ट ७/१६ इंची, यूएनएफ आट्याचा, आणि तो ज्यात आवळायचा तो आटे पाडलेला जाड स्टीलचा बॉस चासीत वेल्ड केलेला. पत्र्याला भोक पाडून मागे मोठा वायसर लावून बेल्ट आवळणं म्हणजे बेल्ट न लावण्यासारखंच आहे, धडकेत तो वायसर पत्रा फाडून बाहेर येतो. सीटचं पण तसंच, सीटचे बोल्ट फ्लोअरच्या ॲल्युमिनियममधून खाली स्टीलच्या नळीला किंवा वेल्ड केलेल्या पट्टीला जाऊन धरले पाहिजेत.

कोन फार महत्त्वाचे आहेत. कमरेचा पट्टा मांडीच्या घडीतून, कमरेच्या हाडावरून जायला हवा, पोटावरून नाही, नाहीतर धडकेत माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि सगळा भार पोटातल्या अवयवांवर येतो. त्यासाठी बाजूने बघितल्यावर पट्टा आडव्या रेषेशी ४५ ते ८० अंशांत यायला हवा, मी ६० च्या आसपास ठेवला. खांद्याचे पट्टे मागे सरळ किंवा थोडेसे खाली उतरलेले. ते खांद्यापेक्षा फार खाली बांधले तर धडकेत पट्टे माणसाला पुढे जाण्यापासून अडवताना खाली पण दाबतात आणि मणक्यावर भार येतो. आयव्हीएला वरचा अँकर सीटपासून पाठीच्या रेषेत किमान ४५० मिमी उंच लागतो, आणि त्यासाठीच पुष्कळ जण रोल हूपलाच आडवी नळी टाकून तिथे अँकर घेतात. म्हणूनच कमान, सीट आणि बेल्ट हे तिन्ही एकत्र ठरवावे लागतात. यातलं एक हललं की बाकीचे दोन हलतात.

स्टीअरिंग कॉलम दबून आखडणारा हवा, म्हणजे धडकेत तो छातीवर येऊ नये. मी फोर्ड सिएराचा घेतला, इथे बरेच जण तोच वापरतात. त्याला वेल्डिंग करू नका, आखडायची जागा ताठ होऊन बसते.

आग आणि पेट्रोल

पत्र्याआधीचा शेवटचा टप्पा, आणि याचा सगळ्यांना कंटाळा येतो. टाकी सीटच्या मागे असते, म्हणून टाकी आणि माणूस यांच्यामध्ये पूर्ण बंद पत्रा हवा, त्यात एकही उघडं भोक नको. वायर जिथे जिथे पत्र्यातून जाते तिथे रबराचा ग्रोमेट लावा, तो नसेल तर कंपनाने पत्र्याची धार वायरचं इन्सुलेशन कापते. पेट्रोलची लाइन एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूने न्या आणि जवळजवळ पी क्लिप लावून धरा, लोंबकळू देऊ नका. इथे ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, जुन्या प्रकारचा रबरी होज त्यात फुगतो आणि तडकतो, म्हणून आर९ लिहिलेला होज घ्या. पंपाच्या वायरीत धक्का बसल्यावर सप्लाय तोडणारा इनर्शिया स्विच टाका. बॅटरीचा कट-ऑफ स्विच आणि अग्निशामक अशा जागी लावा की बेल्ट आवळलेल्या अवस्थेत हात पोचेल. बेल्ट आवळून, डोळे मिटून, हात लावून बघा.

पत्रा

आता पत्रा. पुठ्ठ्याचा टेम्प्लेट केल्याशिवाय ॲल्युमिनियमला कात्री लावू नका, फ्रीज किंवा टीव्हीचे मोठे खोके जपून ठेवा. १.२ मिमी पत्रा बाजूंना पुरतो, फ्लोअरला मी १.६ वापरला. टेम्प्लेट पत्र्यावर पेनाने उतरवायचा, सुईने ओरखडा काढायचा नाही, कारण वाकवताना पत्रा ओरखड्यावरच तडकतो. जिथे नळीभोवती जोरात वळवायचा आहे तिथे पत्रा मऊ करून घ्या. पत्र्यावर कपडे धुवायच्या साबणाची वडी घासायची, मागच्या बाजूने गॅसचा टॉर्च हळूहळू फिरवायचा, साबण काळा पडला की थांबायचं. ॲल्युमिनियम लाल होत नाही, वितळायच्या आधी काही सांगत नाही, तेव्हा साबणावरची नजर हलवायची नाही. गार झाला की तो पत्रा हाताने वळतो, लाकडाच्या ठोकळ्याने नळीवर बसवायचा. लोखंडी हातोडी नको, प्रत्येक घाव उमटतो.

पहिल्यांदा सगळं कोरडं लावायचं. दर दोनशे मिमीला एक भोक पाडून क्लेको लावा, ती स्प्रिंगची तात्पुरती पिन असते आणि पत्रा पक्का धरून ठेवते. क्लेकोवर अख्खी गाडी उभी करा आणि आठवडाभर तशीच ठेवा. रोज त्यात बसा. बेल्ट लावा, हँडब्रेक ओढा. काय राहिलंय ते या आठवड्यात कळतं.

मग पत्रे काढून प्रत्येक भोकाची कुसळं काढा, चासीवरचा रंग आणि पत्र्याची आतली बाजू स्कॉचब्राइटने घासा, ॲसिटोनने पुसा. नळीवर पॉलियुरेथेन गोंदाची, सिकाफ्लेक्स किंवा तशाच कशाची, सलग रेघ मारा. हा गोंद नुसता चिकटवायला नाही, स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकून ओले झाले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी निघते, ते गोंदाच्या थरामुळे थांबतं. रिव्हेट मध्यापासून बाहेरच्या बाजूला मारत जा, म्हणजे हवा आणि फुगवटा बाहेर सरकतो. ३.२ मिमी रिव्हेटला ३.३ चं भोक, पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर, आणि पाकिटावरची ग्रिप रेंज वाचा, १.२ चा पत्रा आणि १.६ ची नळी म्हणजे २.८ मिमी धरायचं आहे. शक्यतो बंद तोंडाचे रिव्हेट घ्या, पाणी आत जात नाही. फ्लोअरला जवळजवळ, २५ ते ३० मिमीवर, बाजूंना ४० ते ५० चाललं.

एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. दोन मीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा २० डिग्रीने तापला की जवळपास ०.९ मिमी वाढतो, आणि स्टीलची चासी त्याच्या साधारण निम्मीच वाढते. म्हणजे जानेवारीत गारठलेल्या गॅरेजमध्ये रिव्हेट मारले तर उन्हाळ्यात पत्र्याला लाटा येतात. गॅरेज गरम करा, पत्रा हीटरसमोर कोमट होऊ द्या, मग मारा. गार झाला की पत्रा ढोलकीच्या पानासारखा ताणून बसतो. माझी डावी बाजू जानेवारीतली आहे आणि उजवी मे महिन्यातली, उन्हात उभी केली की फरक लांबूनच कळतो.

नोजकोन, स्कटल, बॉनेट

क्रम बदलू नका. आधी स्कटल, म्हणजे डॅशबोर्डवरची कमानी झाकण, मग नोजकोन, आणि बॉनेट सगळ्यात शेवटी, कारण बॉनेट या दोघांमधली जागा भरतं. नोजकोन मधल्या दोरीला मिळवायचा आणि दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकांपर्यंतचं अंतर मोजायचं. फायबरचे सगळे पार्ट साच्यातून थोडे वाकडेच येतात, म्हणून एकाच ठिकाणी मोजून समाधान मानू नका.

फायबरला भोक पाडताना वर मास्किंग टेप लावा, ड्रिल आधी उलटं फिरवून वरचा जेलकोट, म्हणजे चकचकीत थर, खरवडा, मग सरळ फिरवा. भोक बोल्टपेक्षा एक मिमी मोठं ठेवा आणि जेलकोटची कड थोडी उतरवा, नाहीतर तिथून कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा निघतात. खाली रबराचा वायसर, वर मोठा वायसर, नट टेकेपर्यंतच आवळायचा. फायबर कापताना एफएफपी३ मास्क, गॉगल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि नंतर गार पाण्याने आंघोळ, गरम पाण्याने खाज वाढते.

बॉनेट आणि इंजिनमध्ये किती जागा आहे हे बघायला मी कणकेचे गोळे वापरले. लिंबाएवढे पाच गोळे, वर प्लास्टिकचा कागद, एक ऑइलच्या झाकणावर, बाकीचे इंजिनच्या उंच जागांवर. बॉनेट हलकेच बसवलं, क्लिपा लावल्या, उघडलं, आणि गोळे सुरीने उभे कापून जाडी मोजली. तीन ठिकाणी ३० च्या वर होती, एका ठिकाणी फक्त ९ मिमी. इंजिन रबरी माउंटवर असतं, ॲक्सिलरेटर दाबला की डुलतं, त्यामुळे २० पेक्षा कमी जागा मला चालत नाही. तिथे बॉनेटला फुगवटा करावा लागला.

मडगार्ड

पुढचे मडगार्ड चाकाबरोबर वळतात, म्हणून त्यांचे स्टे, म्हणजे धरून ठेवणारे आधार, हा सेफ्टी पार्टच समजा. स्टे तुटला की मडगार्ड टायरखाली जातो आणि चाक अडकतं. स्टे स्टीलच्या नळीचे, कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी वेल्ड केलेली. टायरवर मडगार्डने चाकाच्या मध्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढा भाग झाकायला हवा, मागची कड चाकाच्या मध्यापासून १५० मिमीपेक्षा उंच राहू नये. स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर दाबा, स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवा, टायर कुठेही घासता कामा नये. मागचे मडगार्ड बाजूच्या पत्र्याला बोल्टने लागतात, मध्ये रबरी पायपिंग घाला, नाहीतर रंग घासून जातो.

दिवे पटकन सांगतो. लो बीमची खालची कड जमिनीपासून किमान ५०० मिमी, वरची कड कमाल १२००, बाहेरची कड गाडीच्या कडेपासून ४०० च्या आत. पुढचे इंडिकेटर किमान ३५० उंच. मागचा फॉगलँप ब्रेक लाइटपासून १०० मिमी लांब, आणि उजवीकडे किंवा मध्यभागी. विंडस्क्रीन लावली की वायपर, वॉशर आणि काच साफ ठेवणारी गरम हवा पण लागते, म्हणून कित्येक जण तपासणीला काचेशिवाय जातात. गॉगल घालून.

कडा

बाहेरच्या ज्या ज्या भागाला १०० मिमीचा गोल टेकू शकतो तिथली कड किमान २.५ मिमी त्रिज्येची हवी. मी लाकडाचा गोल करून घेतला, त्याला निळा खडू फासला आणि अख्ख्या गाडीवरून लोळवला. खडू लागला तिथे काम. एका संध्याकाळी ३७ जागा निघाल्या, बहुतेक बोल्टची टोकं, सस्पेन्शनच्या ब्रॅकेटचे कोपरे आणि नंबर प्लेटची पट्टी. बोल्टला घुमटाचे नट, पत्र्याच्या कडेला रबरी ट्रिम, ब्रॅकेटला कानस. त्रिज्या बघायला ५ मिमीच्या ड्रिल बिटचा दांडा शेजारी धरायचा, त्याची त्रिज्या २.५ च असते. आत डॅशबोर्डची खालची कड जास्त गोल लागते, १९ मिमी, मी ३८ मिमी व्यासाचा पाइप उभा चिरून कडेवर बसवला आणि वरून रेक्झिन ओढलं. गुडघा त्या पाइपला लागतो तेव्हा दुखत नाही, आधीच्या पत्र्याच्या कडेने माझी पँट फाडली होती.

सगळं आवळून झालं की प्रत्येक सेफ्टी बोल्टवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढा, अर्धी बोल्टवर, अर्धी ब्रॅकेटवर. पहिल्या १०० मैलांनंतर गाडी उचला आणि हातात उजेडाची बॅटरी घेऊन रेघा बघत फिरा. माझ्या गाडीत बेल्टच्या आणि सीटच्या सगळ्या रेघा जुळलेल्या होत्या, पण डाव्या पुढच्या मडगार्डच्या स्टेच्या दोन बोल्टची रेघ तुटली होती आणि तिथल्या वेल्डिंगला नखाएवढी चीर सुरू झाली होती. स्टे त्याच दिवशी काढला.